बेकारीतली दाढ

नवऱ्याने दाण्याचा लाडू नको म्हटला, तेव्हाच मी ओळखलं की याची दाढ दुखतेय. दाण्याच्या लाडवाला नाही म्हणणारा माणूसच नव्हे तो! चहासुद्धा मान तिरकी करून एका बाजूने पीत होता. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, सवय आहे." ही सवय आठवड्यापूर्वी नव्हती.

आम्ही टोकियोत, एदोगावात राहतो. इथल्या आपल्या मंडळींचा एक अलिखित नियम आहे: दात भारतात करायचे. इथला दातांचा डॉक्टर एकाच दाढेसाठी पुन्हा पुन्हा बोलावतो, पुण्यातला दोन बैठकांत मोकळं करतो. म्हणून सगळे दिवाळीपर्यंत दाढेत लवंग धरून बसतात. सुट्टीला निघाले की बॅगेत चॉकलेटं आणि तोंडात किडलेल्या दाढा. पण यंदा आम्हाला निघता येत नव्हतं. उन्हाळ्यात याच्या कंपनीने अख्खी टीमच बंद केली होती आणि हा बेकारी भत्त्यावर होता. त्यासाठी ठरलेल्या दिवशी रोजगार कार्यालयात जातीने हजर राहायचं आणि नोकरी शोधतोय हे दाखवायचं. शिवाय विमानाचं तिकीट काय झाडाला लागतं?

"मग इथेच दाखव," मी म्हटलं.

"विमा कुठाय? कंपनीचं कार्ड परत केलं ना."

"वॉर्ड ऑफिसात सरकारी विमा मिळतो. माहितेय तुला."

"त्याचा हप्ता गेल्या वर्षीच्या पगारावर लागतो, तेही माहितेय. नोकरी लागली की बघू."

"दात कोरून पोट भरत नसतं हो!"

तो हसला, आणि हसता हसता गाल धरला.

खरं दुखणं हप्त्याचं नव्हतंच. लेकीच्या शाळेतल्या एका जपानी मैत्रिणीच्या आईने मला सांगितलं होतं की कंपनीने काढलेल्यांना त्या हप्त्यात चांगली सवलत मिळते, फक्त जाऊन मागावी लागते. मी ते याला त्याच दिवशी सांगितलं होतं. पण मागायची म्हणजे चारचौघांत म्हणावं लागणार, मला काढलं. आणि ते याच्या तोंडून निघत नव्हतं. पुण्यात आईलासुद्धा त्याने कळू दिलं नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "काम जोरात आहे, आई" चालूच. मी डोळे वटारले की म्हणायचा, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला संताप यायचा, आणि त्याच्याकडे बघून वाईटही वाटायचं. एवढा हुशार माणूस, रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचा.

एका सकाळी गाल टम्म सुजला. लेकीने बापाकडे बघितलं आणि जपानीत विचारलं, "इताइ?" दुखतंय का? तो नाही म्हणाला. लेकीला शाळेत सोडलं आणि याला म्हटलं, "काढ सायकल. आता एक शब्द बोलायचा नाही."

वॉर्ड ऑफिसातल्या खिडकीवर एक तरुण बाई होती. तिने सगळं नीट ऐकून हळूच विचारलं, "नोकरी तुम्ही स्वतः सोडलीत, की कंपनीकडून?"

आमचे साहेब ताठ बसून म्हणतात, "स्वतः."

अरे देवा! माझं डोकंच फिरलं. माझी जपानी भाजीच्या दुकानात शिकलेली, तिला ना आदर ना अदब. "खोटं आहे! काढलं ह्याला. कंपनीने काढलं. माणूस चांगला आहे, काम चांगलं करतो, तरी काढलं!" मागच्या खुर्च्यांवरच्या आजीबाईंनी माना वर केल्या. मी त्याच्या पिशवीतून रोजगार कार्यालयाचा कागद काढून खिडकीत ठेवला. त्यावर कारण लिहिलेलंच होतं.

बाईने तो वाचला. हसली नाही, भुवई उंचावली नाही. खाली मान घालून एवढंच म्हणाली, "फार त्रास झाला असेल तुम्हाला." आणि इतक्या महिन्यांत एकदाही न रडलेल्या माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाहेर आल्यावर म्हणाला, दाढ ठणकली म्हणून. मी म्हटलं, हो रे, दाढच ती. मला त्याला तिथेच मिठी मारावीशी वाटली, पण दोघांच्या हातांत सायकली होत्या.

हप्ता आमच्या आवाक्यातला निघाला. विम्यामुळे डॉक्टरच्या बिलाचाही थोडाच भाग आमच्या अंगावर आला. डॉक्टरने अर्थातच पुन्हा पुन्हा बोलावलं. शेवटी दाढेवर टोपी बसवायची वेळ आली तेव्हा म्हणाला, चांदीसारखी दिसणारी विम्यात बसते, पांढऱ्या पोर्सिलेनची बसत नाही. याने एका क्षणात चांदीची सांगितली. घरी आल्यावर मी त्याला सावकार म्हणून चिडवलं, तर मुद्दाम आ करून दाखवायला लागला. बऱ्याच दिवसांनी घरात असं हसणं झालं.

त्या रविवारी कॉलवर लेक काहीतरी बोलली आणि तो खळखळून हसला. आई फोनच्या अगदी जवळ आल्या. "हे काय चमकतंय रे? एवढा पगार, आणि पांढरा दात नाही बसवलास?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाखाली त्याचा हात धरला. या वेळी मी बोलणार नव्हते.

"आई," तो म्हणाला, "उन्हाळ्यात मला कंपनीने काढलं. विम्यात हाच बसत होता."

आई जराही थांबल्या नाहीत. "नोकरी काय, लागेल. पण दाढ एवढी दुखत होती, ते का नाही सांगितलंस मला?"