दिसेनाशी होईपर्यंत चालायचं

आमचे हे रंगूनहून दिल्लीला आले तेव्हा त्यांनी असं धुकं कधी पाहिलं नव्हतं. तिकडे पाऊस अतोनात, नदीवरची वाफ रोजची. पण झाड, बसस्टॉप, माणूस सगळं गिळून बसणारं दाट पांढरं धुकं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते मुनिरकाला. सकाळी भाड्याच्या खोलीचं दार उघडलं तर बाहेर काही नव्हतंच. "मला वाटलं, झोपेत असताना कुणीतरी दिल्ली उचलून नेली," असं ते सांगायचे. मग चपला घालून ते त्या पांढऱ्यात उतरले आणि हात पुढे करून चालत राहिले. भीती नाही वाटली? असं मी विचारलं की म्हणायचे, "बिल्कुल नाही. फार दिवसांनी परकं वाटलं नाही. कुणालाच काही दिसत नव्हतं ना."

त्यांचे वडील आंध्रच्या किनाऱ्यावरून ब्रह्मदेशात गेलेले, आई तिथलीच बर्मी. हे तिथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत. साठच्या दशकात तिथलं राज्य बदललं, भारतीयांना निघावं लागलं, तेव्हा बापलेक बोटीने इकडे आले. आई थोरल्या मुलीपाशी थांबली, पुढच्या वर्षी येते म्हणाली. ते पुढचं वर्ष उजाडलंच नाही. इकडे आल्यावर वडीलही लवकर गेले. ह्यांना दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, एवढाच काय तो आधार.

मी त्याच प्रयोगशाळेच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आमचं क्वार्टर आर. के. पुरमला. शास्त्रज्ञ मंडळी कागदावर काहीतरी गिरगटून आणायची, आम्ही त्याची मापात ड्रॉइंग काढून वर्कशॉपला द्यायची. हे आले ते रिकाम्या हातांनी. म्हणाले, "मला धुकं मोजायचं आहे."

मी विचारलं, "कशात भरून?"

ते इतके मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. एका टोकाला दिवा, दूर दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारं यंत्र. मधे धुकं जितकं दाट, तितका पलीकडे पोचणारा उजेड कमी. दिवसाचा उजेड मधे येऊन घोटाळा करू नये म्हणून दिव्यासमोर भोकं पाडलेली चकती फिरवायची, म्हणजे दिवा लुकलुकतो, आणि पलीकडच्या यंत्राने फक्त तो लुकलुकणारा उजेडच ओळखायचा. ती चकतीची युक्ती त्यांना आपणहून सुचलेली. विमान उतरवणाऱ्याला धावपट्टी किती लांबून दिसेल, हे त्यावरून सांगता येणार होतं. त्यांची हिंदी बोटीतून उतरतानाच ओली झाल्यासारखी, सगळे शब्द थोडे लांबलेले. ऐकता ऐकता मी पेन्सिल चालवत गेले. चकती काढली, दिव्याचं घर काढलं, आणि दव पडू नये म्हणून काचेवर एक टोपडंही काढून दिलं. ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ त्या टोपड्याकडे बघत राहिले.

यंत्र तयार झालं, पण त्याचा आकडा खरा की खोटा हे माणसाच्या डोळ्याशी ताडून बघायला हवं होतं. म्हणून हिवाळ्यात सकाळी आम्ही पालम विमानतळाच्या बाजूच्या एका मोकळ्या मैदानावर जायचो. कार्यालयाची जीप, ड्रायव्हर, हे आणि मी. काम असं, की मी काळी शाल पांघरून त्यांच्यापासून सरळ चालत दूर जायचं. मी दिसेनाशी झाले की ते ओरडणार, "गयीं!" मग तिथे खुंटी ठोकून मी परत यायचं.

त्या सकाळी मला अजून स्वप्नात दिसतात. पायाखालचं गवत तेवढं खरं, बाकी सगळं दुधात विरघळलेलं. मागून आवाज आला की मी थांबायचे. आजूबाजूला कुठेही वळलं तरी तेच पांढरं. खुंटी ठोकल्याचा आवाजसुद्धा जवळच विझून जायचा. कधी वर कुठेतरी विमान घोंगावत फिरायचं, उतरायला जागा शोधत. त्या क्षणी मी कुणाची मुलगी नव्हते, कुठल्या ऑफिसातली नव्हते. परत निघाले की आधी त्यांच्या मफलरचा लाल डाग दिसायचा, मग त्याच्या भोवती हळूहळू एक माणूस जमायचा.

एकदा मी चालतच राहिले. मागून हाक येईना. मैदानाचं कुंपण हाताला लागलं तेव्हा मी माघारी फिरले. म्हटलं, "सर, तुम्ही ओरडलाच नाहीत. मी दिसत होते इतक्या लांब?"

"नाही. केव्हाच दिसेनाशा झालात."

"मग?"

त्यांनी मफलर उगाचच सारखा केला. "आज 'गयीं' म्हणायचं मन नहीं हुआ," ते म्हणाले.

ड्रायव्हर जीपमध्ये झोपलेला होता. मी खुंटी पिशवीत टाकली आणि आम्ही तिथेच उभे राहिलो. ऊन वर आलं, झाडं एकेक करून परत आली.

घरी सांगितलं तेव्हा आई रडली नाही, चिडलीही नाही. त्यांना वरणभात आवडतो का, एवढंच तिने विचारलं. बाबा मात्र येरझाऱ्या घालत राहिले. "परदेशातला माणूस. उद्या परत गेला तर?"

"बाबा, त्यांना परत जायला काही उरलेलं नाही."

बाबा थांबले. हे ऐकून त्यांना हायसं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. लग्नात मात्र ह्यांच्या बाजूने आईबापाच्या जागी माझे आई-बाबाच उभे राहिले, आणि माझ्या बाजूने काका-काकू.

धुक्याचं यंत्र एका विमानतळावर काही हिवाळे चाललं. पुढे बाहेरून मोठी, चकचकीत यंत्रं आली आणि आमचं गोदामात गेलं. मी आठवडाभर धुमसत होते. हे एका संध्याकाळी म्हणाले, "पाणीसुद्धा धुक्यासारखंच असतं, गढूळ झालं की." तोच दिवा, तीच चकती, पण हातभर नळीत मावेल अशी. पाण्याचा गढूळपणा मोजायचं ते छोटं यंत्र ठिकठिकाणच्या जलशुद्धीकरण केंद्रांत बसलं. रिटायर झाल्यावर ह्यांनी नोएडात छोटा कारखाना काढून तीच यंत्रं बनवली. रंगूनला ह्यांची आई गेली, त्याची बातमी आम्हाला कितीतरी महिन्यांनी कळली. त्या दिवशी ते कारखान्यात गेले आणि दिवसभर काचा पुसत बसले.

म्हातारपणी आठवण पुसत गेली तशा मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या भाषा एकेक करून गेल्या. आधी इंग्रजी, मग हिंदी, मग माझ्याकडून उचललेली मराठी. शेवटी फक्त बर्मी राहिली, आणि ती मला येत नव्हती. ते खिडकीकडे बोट दाखवून काहीतरी विचारायचे, मी मान हलवायचे, आणि ते पुन्हा तेच विचारायचे.

आमच्या मुलीने चौकशी करून पश्चिम दिल्लीत राहणारी एक बर्मी बाई शोधली. शिवणकाम करून पोट भरणारी, देश सोडून आलेली. मेट्रोने आली, त्यांच्या पलंगाशी बसली आणि ऐकू लागली. मग हिंदीत मला म्हणाली, "आंटी, ते विचारतायत, नदीचं पाणी पायऱ्यांपर्यंत आलं का?"

"त्यांना सांग, उतरलं म्हणून."

"तुम्हीच सांगा ना," ती म्हणाली, आणि तिने ते वाक्य मला तीनचारदा म्हणून दाखवलं. मी म्हटलं. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, अगदी नीट, आणि एक लांबलचक उत्तर दिलं.

ती बाई हसली. "म्हणतात, अच्छा, मग ताईला हाक मार, जेवायला बसू."

त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या पलंगाभोवती ताटं घेऊन बसलो. ती बाईही जेवली. उन्हाळा लागता लागता हे गेले, दुपारच्या झोपेत.

ती बाई अजून अधूनमधून रविवारी येते. मी तिच्याकडून बर्मी शिकतेय. या वयात जीभ वळत नाही. परवा मी मोठ्या ऐटीत भात वाढू का असं विचारलं, तर ती पोट धरून हसली. बराच वेळ हसत राहिली, आणि मी नक्की काय म्हटलं ते काही केल्या सांगेना.