कौलावर टाकलेला दात

"डॉक्टरबाई गेल्या, बाई," सुवर्णा फोनवर एवढंच बोलली. मी शेंगा निवडत होते, सूप तसंच मांडीवर राहिलं. घोडेगावला दातांचा दवाखाना चालवणाऱ्या नसरीन डॉक्टर... आजारी होत्या हे ठाऊक होतं, पण माणूस जाणारच असं आपण कुठं धरून चालतो? त्याला आता दीड महिना झाला. मी शिनोलीच्या शाळेत खेळाची बाई होते, आता निवृत्त आहे. सुवर्णा माझी विद्यार्थिनी, आता महाळुंगे पडवळच्या शाळेत तीही मुलींना कबड्डी शिकवते. डॉक्टरांवर लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि ते काही गोडगोड नाही.

सुवर्णा तेरा वर्षांची असताना सरावात दुसऱ्या मुलीचं डोकं तिच्या तोंडावर आपटलं. वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर. ती तोंडाला ओढणी लावून खाली मान घालून बसली. बाकीच्या पोरींना मी पाणी आणायला पिटाळलं आणि मातीतला दात उचलला. आता माझी अक्कल ऐका. आपल्याकडं पोरांचा पडलेला दात कौलावर टाकतात, नवा चांगला येतो म्हणून. माझ्या पोरांचे सगळे दात मी तसेच टाकले होते. हाताची सवय... विचार न करता शाळेच्या कौलावर भिरकावला आणि जखमेत हळद दाबली. वर पोरीलाच दटावलं, "रडायला काय झालं, कबड्डी खेळतीस ना?"

तिची आई कमल शेतावरून आली, जीप पकडून आम्ही घोडेगाव गाठलं. डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि पहिलं विचारलं, "दात कुठंय?" कमल माझ्याकडं बघायला लागली. "मातीत हरवला," मी म्हणाले. "हा दुधाचा दात नव्हता. आता नवा येणार न्हाई," डॉक्टर म्हणाल्या. मी कमलला सुवर्णाजवळ बसवलं. डॉक्टरांना बाहेर बोलावून खरं काय ते सांगितलं. जुन्नरच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या बापाची ही लेक, तोंडानं फटकळ. वाटलं, आता चारचौघांत माझी खरडपट्टी निघणार. पण त्यांनी बाकावरच्या पेशंटना थांबायला सांगितलं आणि स्कूटर काढली. "बसा मागं. शिडी हाय का शाळेत?"

शिडीवर त्याच चढल्या. मी चढते म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमी हात नका लावू, मूळ खरवडाल." कौलांच्या खाचेत अडकलेला दात त्यांनी वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलला, शेजारच्या घरातून पेलाभर थंड दूध मागितलं, त्यात ठेवला. दोन तास उलटून गेले होते. दवाखान्यात येऊन तो जागेवर बसवला आणि शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला. कमलला त्यांनी स्पष्ट सांगितलं, उशीर झालाय, काही वर्षं टिकेल, जन्मभर नाही. "मैदानातच सापडला," मी मधेच बोलले. निघताना डॉक्टर दारात मला म्हणाल्या, "पोरीला तुमीच सांगा. मी सांगणार न्हाई."

त्यानंतर दर गुरुवारी दवाखाना बंद ठेवून त्या शाळाशाळांतून हिंडायला लागल्या आणि मला मागं बसवायला लागल्या. माणसं म्हणायची, दात काढणाऱ्या बाई, यांचं शाळेत काय काम? त्यांना फरक पडला नाही. दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही. पण पक्का दात निघाला तर मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, माती लागली तर नुसता विसळायचा, तिथल्या तिथं जागेवर बसवायचा आणि स्वच्छ कापड चावायला द्यायचं. जमत नसेल तर दुधात ठेवून तासाच्या आत दवाखाना गाठायचा. दात हलला, आत दबला, रंग बदलला तरी दाखवायचं, दुखत नाही म्हणून गप्प बसायचं नाही. "दवाखाना लांब आसंल, पण दूध घरोघरी हाय," त्या म्हणायच्या. मग कौलाची गोष्ट सांगायच्या, "एक बाई होत्या..." नाव कधीच नाही. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे. लाज वाटायची, फार वाटायची, पण तोंड उघडलं नाही. सुवर्णाचा दात नऊ वर्षं टिकला, मग गेला, आता तिथं कृत्रिम आहे. "नशीब माझं," ती म्हणायची. डॉक्टर मात्र अधूनमधून विचारायच्याच, "सांगितलं का?" मी म्हणायचे, सांगते. शेवटच्या भेटीत, उशीला टेकून बसल्या होत्या, तेव्हाही तेच विचारलं. मीही तेच उत्तर दिलं.

गेल्या आठवड्यात सुवर्णाच्या शाळेत पालक जमायचे होते. डॉक्टरांनी तारीख दिलेली होती... सुवर्णा म्हणाली, "बाई, आता तुमीच या." गेले. दूध, मूळ, तास, सगळं सांगितलं. कौलाची गोष्ट आली आणि "एक बाई होत्या" एवढं म्हणून मी दाराकडं बघितलं. सुवर्णा तिथंच उभी होती. मी म्हणाले, "ती बाई मी. आणि तो दात ह्या सुवर्णाचा. मातीत न्हवता पडला, मी फेकला." चहा दुसऱ्याच कुणी आणून दिला, सुवर्णा वर्गात निघून गेली. एसटीत बसून मी पदरात तोंड खुपसून रडले.

तीन दिवस तिचा फोन नाही. चौथ्या दिवशी सकाळी आला. खुशाली विचारली नाही, कडक आवाजात म्हणाली, "शुक्रवारी पेठच्या शाळेत जायचंय. मी गाडी घेऊन येते. ते कौलाचं आसंच सांगायचं, माझं नाव घेऊन. आन् बाई, एवढी वर्षं का न्हाई सांगितलं, ते मला वाटंत सांगा."