रक्तवाल्या दादांचं हँडल

पनवेलमध्ये माणसांचं रक्त काढण्यात डासांच्या खालोखाल कुणाचा नंबर लागत असेल तर तो आमच्या रक्तवाल्या दादांचा, आणि डासांनाही मी पहिला नंबर देतो तो केवळ ते संख्येने जास्त आहेत म्हणून. एकास एक गाठ घातली तर दादाच जिंकतील. गेली पंचवीसेक वर्षं ते एका लॅबोरेटरीतर्फे घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त काढतात. त्यांचं खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर आहे, पण ते कुणी वाचल्याचं मला माहीत नाही. दार उघडणारा आत वळून एवढंच सांगतो, "रक्तवाले दादा आले." दादांनाही माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, त्यांना हात लक्षात राहतात. बाजारात भेटले तर आधी आपल्या कोपराकडे बघतात, मग चेहऱ्याकडे, आणि म्हणतात, "तुमी उजव्या हाताचे ना?" एका लग्नात त्यांनी आहेराचं पाकीट देताना नवरदेवाचा हात धरला तो सोडेचनात. मागची रांग खोळंबली, फोटोवाला वैतागला. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "पोराची शीर बगितली? दोरीसारकी हाय. डोले मिटून गावंल." नवरी कशी होती हे त्यांना सांगता आलं नाही.

दादांचा अभिमान एकच, एका टोचणीत रक्त. दुसऱ्यांदा सुई लावावी लागली तर त्या घरचा चहा ते घेत नाहीत, कितीही आग्रह करा. आमच्या घरचा चहा त्यांनी कधी चुकवलेला नव्हता, आणि ही साधी गोष्ट नव्हे. माझी आई ऐंशीच्या पुढची, मधुमेहाची, दर तीन महिन्यांनी तपासणी ठरलेली, आणि तिच्या शिरा अशा की सुईची चाहूल लागली की कुठे दडी मारतात देव जाणे. एकदा दादा गावी गेले होते, तेव्हा दुसऱ्या दोघांनी मिळून तिला सहा ठिकाणी टोचलं. हात आठवडाभर वांग्याच्या रंगाचा होता. त्यानंतर आईने घरात जाहीर केलं की आपल्या हाताला दादाशिवाय कुणी सुई लावायची नाही, मग साखर किती का वाढेना. डॉक्टरांनाही तिने हे तोंडावर सांगितलं.

आता एवढ्या नाजूक कामाला निघालेला माणूस कशावर बसून निघतो, तर एका जुन्या धूड मोटरसायकलवर, जी सुरू झाली की आमच्या जिन्यातले मीटरसुद्धा दचकतात. त्या गाडीची सगळी थरथर हँडलातून तळहातात आणि तळहातातून बोटांत जाते. म्हणून दादा आले की पहिली पाच मिनिटं कुणाला हात लावत नाहीत. खुर्चीत बसून तळवे चोळतात, मुठी मिटतात, उघडतात. कुणी घाई केली तर म्हणतात, "थांबा, हातातली गाडी उतरू दे." त्यांच्या बायकोने साधी स्कूटर घ्या म्हणून बऱ्याचदा सांगून पाहिलं. दादांचं उत्तर ठरलेलं, "तुला लगीन करून याच गाडीवरनं आनली." यावर वहिनी म्हणायच्या, "म्हनून तर माजी कंबर गेली." गाडी बदलायची नाही असं एकदा ठरल्यावर बदलायला उरलं काय, तर हँडल. तिथून पुढे दादांनी हँडलाचा जो छंद घेतला, त्यापायी आमच्या आळीची बरीच वर्षं करमणूक झाली.

पहिलं बदललेलं हँडल उंच होतं. इतकं उंच की दादा दोन्ही हात कानांच्या पातळीला धरून रस्त्याने यायचे. हात वर असले की रक्त खाली उतरतं आणि मुंग्या येत नाहीत, असं त्यांचं शास्त्र. त्या महिन्यात त्यांना मुंग्या आल्या नाहीत, खांदे मात्र असे धरले की एका आजोबांचं रक्त काढण्याऐवजी त्यांच्याकडूनच दादांना मालिश करून घ्यावं लागलं. वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कोनाला शरन चाललाव?" त्या हँडलाचा निकाल त्यांनी तिथेच लावला होता, दादांना तो महिन्याने कळला.

मग उरण नाक्याजवळच्या गॅरेजवाल्याने सांगितलं की हँडल म्हणजे पोकळ पाइप, त्यात वाळू ठासून भरा, जड झालं की थरथर मरते. दुसऱ्या कुणीही मुकाट्याने वाळू भरली असती. पण दादांचं घराणं उरणकडच्या मिठागरांचं. मिठागरांवर भराव पडून तिथे बारा बारा मजली इमारती उभ्या राहिल्या, तरी दादांच्या लेखी जगात जड, दाट आणि भरवशाची अशी वस्तू एकच. "वालू कशाला?" ते मला म्हणाले. "मिठाची गोनी कदी उचलली हाय तुमी?" मी उचलली नव्हती, त्यामुळे मला वाद घालता आला नाही. वहिनींच्या स्वयंपाकघरातलं नरसाळं आणून त्यांनी दोन्ही बाजूंनी हँडलात जाडं मीठ भरलं, लाटण्याने ठोकून ठोकून भरलं. आणि खोटं कशाला बोला, चार महिने ती गाडी खरंच सुधारली. दादा येताच कामाला लागायचे आणि वर आम्हालाच ऐकवायचे, "खाल्ल्या मिठाला जागलं बगा."

पावसाळा लागला तशी मुठींतून तपकिरी पाणी ठिबकायला लागलं. दादा ते रोज पुसायचे आणि रस्त्याच्या चिखलाला नावं ठेवायचे. ओल्या मिठाने पाइप आतून खाऊन टाकला होता. एके सकाळी पळस्प्याजवळ वेग कमी करताना डावी मूठ क्लचसकट त्यांच्या हातात आली. नशिबाने मागे कुणी नव्हतं. पण लोक उपाशीपोटी ताटकळत होते, म्हणून दादांनी बॅगेतलं बँडेज काढलं, मूठ जागेवर बसवून सगळं हँडल पट्ट्यांनी करकचून बांधलं आणि हळूहळू आमच्याकडे आले. खाली पोरांनी विचारलं तर म्हणाले, "हाड मोडलाय." त्या दिवशीही आईचं रक्त एका टोचणीत मिळालं.

त्यानंतरचं हँडल हा दादांच्या आयुष्यातला खरा संसार. आत वाळू, हँडल गाडीला जिथे बसतं तिथे रबराच्या चकत्या, टोकांना लेथवाल्याकडून कातून घेतलेली पितळेची वजनं. वजनं नुसती गोल नकोत म्हणून त्यांना कळसाचा आकार दिला. "थरथर गेलीच पायजे, पन दिसायला बरं नको का?" हे हँडल ते चिंच लावून घासायचे. वहिनी म्हणायच्या, घरातली समई काळी पडलीय, तिला कुणी विचारत नाही. थरथर किती उरली हे मोजायला त्यांनी रक्ताच्या एका कोऱ्या नळीत कोकम सरबत भरून ती हँडलाला चिकटपट्टीने लावली होती. सरबत किती हिंदकळतं त्यावरून ते रबर कमीजास्त करायचे. एका वाहतूक पोलिसाने थांबवून हे काय म्हणून विचारलं. बॅगेवर लॅबोरेटरीचं नाव, हँडलाला लाल नळी. दादांनी नळी काढली, बूच उघडलं आणि पिऊन दाखवलं. पोलिसाने लायसन न बघता त्यांना जाऊ दिलं.

एवढं करूनही हातातली गाडी उतरायला पाचाची दहा मिनिटं लागू लागली, मग वीस. दादा दर वेळी नवं कारण सांगायचे. रबर कडक झालं, वजन कमी पडतंय, उड्डाणपुलाच्या कामाने रस्त्याची वाट लागली. मी थट्टा करायचो, "दादा, आता हँडल पुरे, इंजिनच काढून टाका." तेही हसायचे.

मागच्या खेपेला ते आले तेव्हा मी खिडकीतून पाहिलं, गाडी खाली उन्हात झळकत होती. दादा अर्धा तास बसले. पेपर वाचला, आईशी गावच्या गप्पा मारल्या. चहा कामानंतरचा, म्हणून मी त्यांना नुसतं पाणी दिलं, आणि त्यांनी पेला उचलला तेव्हा पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. गाडी बंद होऊन अर्धा तास झाला होता. मला एकदम सगळं कळलं, आणि गेल्या दोन वर्षांतली माझी एकूण एक थट्टा आठवून लाज वाटली. दादांनी आईच्या दंडाला पट्टा बांधला, सुई जवळ नेली आणि मागे घेतली. पुन्हा नेली, पुन्हा मागे घेतली. "आज रस्ता लई खराब, काकी," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी काही बोलणार तोच आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

"अरे, मला आज भीती वाटतेय," ती म्हणाली. "तुझं मनगट धरू का?"

जन्मात आईला कशाची भीती वाटलेली मी पाहिली नव्हती. दादांनाही ते माहीत होतं. "धरा, काकी," ते म्हणाले. आईने मोकळ्या हाताने त्यांचं मनगट घट्ट पकडलं. सुई आत गेली आणि नळीत रक्त चढायला लागलं. एका टोचणीत. दोघंही त्या नळीकडे बघत होते, एकमेकांकडे नाही.

चहा झाल्यावर दादांनी बॅग बंद केली आणि मला दारापाशी बोलावलं. "पुढल्या टायमाला दुसरा मानूस येल. चांगला हाय. त्याला सांगा, डावा हात, कोपराच्या दोन बोटं खाली, जरा आतल्या अंगाला. वर शोधत बसू नको म्हनावं." मग माझा हात ओढून त्यांनी माझ्याच कोपराखाली ती जागा दाबून दाखवली. त्यांचं बोट थरथरत होतं, पण जागा चुकली नाही.

तीन महिन्यांनी नवा माणूस आला. मी जागा सांगितली, त्याने ऐकली आणि एका टोचणीत काम झालं. तो जिना उतरतो न उतरतो तोच आईने दादांना फोन लावायला लावला. "मिळालं रे, तू सांगितलेल्या जागीच मिळालं."

फोन स्पीकरवर होता. दादांनी विचारलं, "गाडी कुठली होती त्याची?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, विजेवरची स्कूटर होती.

"हां," दादा म्हणाले. "तिला थरथर नसतेच, काकी."

"हो रे," आई म्हणाली, "तेवढाच फरक आहे."