भिंतीकडे वळवलेली खुर्ची

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस चालवता चालवता त्याचं अर्धं आयुष्य गेलं. कानात घालायचे रबरी बोळे मिळायचे, पण "कान काय लोण्याचे आहेत का?" म्हणत तो ते बाजूला ठेवायचा. हल्ली बायको काही बोलली, की तो नुसती मान डोलवायचा. शेवटी मुलीने त्याला ओढतच कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तपासणीत कानाला लावलेल्या यंत्रातून आवाज आला की बोट वर करायचं होतं. नोकरी जाईल या धास्तीने तो बाईंच्या हाताकडे बघत राहिला. त्यांनी बटण दाबलं रे दाबलं, की याचं बोट वर. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मुकाट्याने त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली. मग बोट मांडीवरून फारसं हललंच नाही. त्याने मागे पाहिलं, तर मुलगी डोळे पुसत होती.

"गेलं ते परत येणार नाही," बाई समोर बसून सावकाश म्हणाल्या. "उरलंय ते जपा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज कानांना घातक आहे."

शेजारच्या प्रेसवर त्याचा धाकटा भाऊ होता. यानेच भावाला तिथे कामाला चिकटवलं होतं. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होण्याआधी त्याने भावापुढे बोळे धरले.

"आता कशाला, दादा? सवय झालीय आवाजाची."

"मलाही सवयच वाटायची रे," तो म्हणाला. "खरं तर ऐकू येणं कमी होत होतं."

भावाने बोळे घातले. उशीर तर झाला नाही ना, हे विचारायचा धीर मात्र दोघांनाही झाला नाही.