गुंडप्पाचे कान

पुतळा समितीचे अध्यक्ष अण्णाराव यांना लढाईचा अनुभव दांडगा. ग्रामपंचायत तीनदा लढवली, दोनदा आपटले. त्यामुळे हवाई दलातला माणूस कसा दिसतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मिशा झुपकेदार, हातात बंदूक, नजर सरहद्दीपार.

"पण त्याला मिशा नव्हत्या," सिद्धम्मा म्हणाली. "अन् बंदूक तर त्यानं जत्रेत फुगे फोडायलाबी धरली न्हाई."

सिद्धम्मा ही गुंडप्पाची थोरली बहीण, ऐंशीची. उदगीरजवळच्या या गावातून गुंडप्पा हवाई दलात वायरलेसवाला झाला तो कानांच्या जोरावर. कुणाच्या विहिरीवरचं इंजिन सुरू झालं, हे तो ओट्यावर बसून सांगायचा. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूची वायरलेसवरची बोलणी चोरून ऐकणाऱ्या विमानात त्याला बसवलं. ते विमान परतलं नाही. सरकारी पत्रात 'बेपत्ता' एवढंच होतं. बाकीचं त्याचा एक सोबती वीस वर्षांनी घरी येऊन सांगून गेला. देह आला नाही, म्हणून आईवडिलांच्या समाध्यांशेजारची त्याची जागा मोकळीच राहिली. आता हा पुतळा हीच त्याची जागा, आणि तिथं भलताच कुणी येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

"कानाला हेडफोन तेवढे दाखवा," ती म्हणाली.

"अक्का, लोकं डीजेवाला म्हणतील की," अण्णाराव म्हणाले, आणि समिती पोट धरून हसली. नुसतं ऐकून कुणी शहीद होतं होय, असंही एकजण बोलला. ते सिद्धम्माच्या जिव्हारी लागलं. पण ऐकणं हेही काम असतं, हे या गावाला पटणं अवघडच होतं. इथं ग्रामसभेत चौघं एकदम बोलतात आणि ऐकायला फक्त शिपाई असतो, तोही पगारी.

अनावरणाच्या दिवशी फ्लेक्सवर अण्णाराव पुरुषभर उंच होते आणि गुंडप्पा कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोएवढा. डीजेवर देशभक्तीचं गाणं इतक्या जोरात लागलं होतं की शाळेचे पत्रे थरथरत होते. पडदा सरकला. झुपकेदार मिशांचा एक अनोळखी इसम छातीशी बंदूक धरून उभा होता.

"बोला अक्का, दोन शब्द," अण्णाराव तिच्या कानाशी ओरडले.

सिद्धम्मा माइककडे न जाता डीजेच्या गाडीकडे गेली. गाडीवाला सुगत, चाळिशीचा माणूस, कानाला हेडफोन लावून बटणं फिरवत होता. तिनं हात पुढं केला. त्यानं गाणं थांबवलं.

"माझा भाऊ ऐकायच्या कामावर होता. त्याला दे की हे."

सुगतनं एकदा पुतळ्याकडे पाहिलं, हेडफोन काढला, वायर सोडवली. "शेवटी काय ऐकलं आजी त्यांनी?"

"चोपन्न वर्षं झाली. तेवढंच मला कुणी सांगितलं न्हाई."

तिनं तो आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिला. काढून सुगतच्या हातात दिला. मग सुगत खुर्चीवर चढला आणि त्यानं हेडफोन पुतळ्याच्या डोक्यावर नीट बसवला. मिशा होत्या तिथंच होत्या, पण सिद्धम्माला आता त्या चालणार होत्या.

अण्णारावांनी हात हलवला. "चालू कर रे गाणं."

"साहेब, हेडफोन त्यांच्या कानाला हाय," सुगत म्हणाला. "त्यांचं ऐकून झालं की लावतो."