मांडीवरची पिशवी

थायलंडच्या सहलीला मुलुंडहून निघालेल्या आमच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे बघितलं की मला थेट तिथला तुरुंग दिसायचा. कारण त्यांची कापडी पिशवी. टम्म फुगलेली, पण वजनाला पिसासारखी. जेवताना मांडीवर, फोटोत काखेत. कुणी शेजारी बसलं की ते पिशवीवर दोन्ही हात ठेवून उगाच आभाळाकडे बघायचे.

"गांजाबिंजा असणार," मी बायकोच्या कानात म्हटलं. "हा सापडला की अख्खा ग्रुप आत."

"गप रे, ऐकतील ते," ती म्हणाली, पण तिनेही पर्स छातीशी धरली.

बेटाकडे जाताना भर समुद्रात बोटीचं इंजिन बंद पडलं. लाटा मुलुंडच्या टॉवरएवढ्या. बोट अशी डोलायला लागली की सकाळचा नाश्ताच काय, माझ्या लग्नातली जिलबीही वर यायला निघाली. नेमक्या त्या वेळी गृहस्थांनी पिशवीची नाडी सोडली. पोलिसांना काय सांगायचं, ते मी मनात जुळवायला लागलो.

आत प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या होत्या. वाण्याच्या, मिठाईवाल्याच्या, साडीच्या दुकानातल्या, वर्षानुवर्षं घरी जपून ठेवलेल्या. ते प्रत्येकाला एकेक वाटत आले. माझी अगदी वेळेवर पोचली.

दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढत किनाऱ्याला आणलं, तेव्हा मी ओशाळून त्यांच्याकडे गेलो. सवयीने म्हटलं, "पिशवी धुऊन परत देतो हं."

ते दोन पावलं मागे सरकले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, "नको. ती तुम्हालाच राहू द्या."