चार वाजताचा टँकर आणि महिलांची क्रमवारी

आमच्या कॅरम मंडळाच्या खोलीत एक लाकडी फलक आहे. महिलांच्या क्रमवारीत पहिली आलेली खेळाडू म्हणून त्यावर माझ्या पत्नीचं नाव आहे. ते तिनं खेळून मिळवलं, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फलक दारातूनही स्वच्छ वाचता येतो. तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

नव्वदच्या दशकात आम्ही विरार पूर्वेला चंदनसारला राहायला आलो. शेजारी शेजारी दोन इमारती, दोन्हींची मिळून एक समिती, आणि तिचा सचिव मी. कॅरम मंडळाचाही सचिव मीच. मुंबईच्या कचेरीत मला कुणी विचारत नसे, त्यामुळे विरारमध्ये जिथे जागा रिकामी दिसेल तिथे मी सचिव होत असे.

दर महिन्याला एका रविवारी महिलांची स्पर्धा घ्यायची आणि वर्षभराच्या गुणांवरून क्रमवारी लावायची, ही कल्पना माझी. विजेतीला दहा गुण, उपविजेतीला सात, उपांत्य फेरीत हरलेल्यांना चार. प्रतिस्पर्धी डाव सोडून गेली तर समोरचीला पुढे चाल, म्हणजे पूर्ण विजय. वर्षाअखेर, म्हणजे मार्चमध्ये, जी पहिली, तिला मंडळ जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला ठाण्याला पाठवणार. "वशिल्याला जागाच ठेवली नाहीत तुम्ही," अध्यक्ष म्हणाले. मीही गंभीरपणे मान हलवली.

महिलांचे सामने दुपारी साडेतीनला सुरू होत. संध्याकाळी पुरुषांचा सराव असे, आणि त्याला हात लावायची सूचना कुणी केली नाही.

शेजारच्या इमारतीतल्या वहिनी माहेरी भावांबरोबर खेळून तयार झालेल्या. स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून स्वतःच्या पुढ्यातली सोंगटी घेत. राणी घेतली की कव्हर करताना समोरच्याकडे बघतसुद्धा नसत. पूर्ण झालेला डाव त्या हरल्याचं मला आठवत नाही. मी त्यांच्याशी एकदा खेळलो, नंतर मला सचिवपदाची कामं फार असत.

पण चारला टँकर यायचा. आमच्या भागात तेव्हा नळाला पाणी नव्हतं. टँकर खालच्या टाकीत रिकामा झाला की पंप सुरू व्हायचा आणि थोडा वेळच नळ चालायचे. त्या वेळात भराल ते तुमचं. आमच्या इमारतीचा टँकर सकाळी, त्यांचा दुपारी चारला. ही वेळ समितीच्या सचिवानं ठरवली होती. ठरवताना कॅरम माझ्या डोक्यात नव्हता, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

वळणावर हॉर्न वाजला की वहिनी उठत. एकदा समोर माझी पत्नी होती. ती म्हणाली, "अहो, दोनच सोंगट्या राहिल्यात तुमच्या. मारा आणि जा."

"त्या मारेपर्यंत शेवटचं पिंप रिकामं राहील."

त्यांचे यजमान बाजूला खुर्ची टाकून सामना बघत होते. तेही मदतीला धावले. म्हणाले, "अगं, टँकर आलाय."

माझ्या पत्नीला पुढे चाल मिळाली. तिनं सोंगट्या डब्यात भरल्या, माझ्याकडे पाहिलं नाही.

काही महिन्यांत क्रमवारीतल्या वरच्या सगळ्या जणी आमच्याच इमारतीतल्या निघाल्या. तक्ता इतका आखीव होता की कुणाला शंका आली नाही.

नाताळच्या सुमारास पश्चिमेकडच्या नंदाखाल गावातल्या बायकांनी आम्हाला स्पर्धेला बोलावलं. त्यांच्या घरोघरी विहिरी, त्यामुळे घड्याळाकडे कुणी बघत नव्हतं. सामने सकाळीच झाले. वहिनींनी सगळ्यांना हरवलं, अंतिम फेरीत माझ्या पत्नीलाही. नंदाखालच्या एका बाईंनी मला विचारलं, "ह्या तुमच्या पहिल्या नंबरच्या का?"

"नाही, आठव्या."

"बाई गं. मग वरच्या सात जणींना आणू नका हो आमच्याकडे."

मी हसलो आणि परत येऊन नियम केला, बाहेरच्या स्पर्धेचे गुण निम्मे.

त्यानंतर वहिनी घरी आल्या. "भावजी, सामने सहाला लावा. नाहीतर तीन महिने टँकरच्या वेळा उलट करा. हे म्हणतात, मंडळानं पाठवलं तर जा, एरवी कॅरम खेळायला ठाण्याला कशाला? मला एकदा जायचंय."

मी म्हणालो, "वहिनी, नियम सगळ्यांना सारखा आहे."

त्या गेल्यावर पत्नी आतून बाहेर आली. "द्या की टँकरची वेळ बदलून."

"मग तुला चारला उठावं लागेल."

"उठेन. तशीही हरणारच आहे त्यांच्याशी."

मी वेळ बदलली नाही. पहिल्या क्रमांकाचा नवरा म्हणून लोक मला ओळखायला लागले होते, ते सोडवेना. पत्नी ठाण्याला गेली आणि पहिल्याच फेरीत एका शाळकरी मुलीकडून हरून आली. चपला काढता काढता म्हणाली, "चार वाजून गेले तरी ती मुलगी उठली नाही हो."

वहिनींनी मंडळात येणं सोडलं. पुढे ते कुटुंब वसईजवळ पापडीला राहायला गेलं.

यंदा फलक नव्यानं रंगवायचा म्हणून मंडळानं मला नावं तपासायला सांगितलं. पत्नी म्हणाली, "आधी माझं काढा." पुढे चाल वगळून मी हिशेब पुन्हा केला. त्याला फार वेळ लागला नाही, उत्तर मला पाठच होतं. मग पापडीला गेलो. पत्नीला चल म्हटलं, तर म्हणाली, "सांगायचं तुम्हाला आहे."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग आरामखुर्चीतल्या यजमानांकडे बोट करून म्हणाल्या, "हे त्यांना सांगा. मंडळानं पाठवलं तर जा, असं ते म्हणाले होते."

मी त्यांना सगळं पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं. ते विचारात पडले. "म्हणजे मंडळानं हिलाच पाठवायला हवं होतं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. "मग जायला माझी हरकत नाही."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पलंगामागून बोर्ड ओढून काढला, पावडर टाकली आणि स्ट्रायकर माझ्याकडे सरकवला. डाव निम्म्यावर आला तेव्हा आत नळाखालची बादली भरून वाहायला लागली. आवाज आम्हा तिघांनाही ऐकू येत होता. वहिनींनी राणीवर नेम धरला होता, त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी यजमान गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि नळ बंद करायला आत गेले.